झातार, बरबरे आणि मंडळी: रोजच्या स्वयंपाकात यांचं करायचं काय?

पाटावरवंटा | सोमवार, १०:४०

लेक गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून येऊन गेली. दरवेळी बॅगेतून बदाम आणि चॉकलेटं निघतात, यंदा पाच चिमुकल्या बाटल्या निघाल्या. झातार, दुक्का, बरबरे, रास एल हानूत आणि शिचिमी तोगाराशी. नावं बाटल्या समोर ठेवून लिहितेय, तोंडाने म्हणायला सांगू नका. तिकडे म्हणे दोघं-तिघं मिळून चालवलेले लहान लहान मसाल्यांचे उद्योग आहेत, थेट शेतकऱ्याकडून माल घेतात. लेक आठ दिवस होती. त्या आठही दिवसांत तिला वरणभात, पिठलं आणि भरली वांगीच हवी होती. बाटल्या माझ्या गळ्यात.

त्याआधी डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेला मीही हौसेने एक "मोरोक्कन मसाला" घेतला होता. ६० ग्रॅम, ३५० रुपये. घरी गोडा मसाला किलोने करणारी बाई मी. तो अजून सीलबंद आहे.

परवा धीर करून झातार उघडलं. बटाट्याच्या काचऱ्या करत होते. तेल, मोहरी, हिंग आणि त्यातच दोन चमचे झातार. अर्ध्या मिनिटात तीळ काळे, पाल्याचा कोळसा आणि घरभर धूर. साबा (सासूबाई) हॉलमधून म्हणाल्या, "आज कसला धूप घातलास गं?" काचऱ्या कडूजहर. नवऱ्याने दह्याबरोबर मुकाट्याने संपवल्या. काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तर मंडळी, असले मसाले तुम्ही वापरता का? पाहुणे आले म्हणून एकदा नव्हे, रोजच्या डब्याच्या भाजीत? आणि एवढे पैसे मोजण्यात अर्थ आहे, की घरीच कुटावेत?

टिकलीभर | सोमवार, १०:५२

रुमाल टाकून जागा धरून ठेवते. माझ्याकडेही रास एल हानूत आहे. २०२२ पासून.

फोडणीपुराण | सोमवार, १०:५५

२०२२ पासून असेल तर आता तो मसाला नाही, रांगोळी आहे.

अबूधाबीकर | सोमवार, ११:२५

पाव (आयडीचं लघुरूप असं होतं त्याला माझा इलाज नाही), झातार फोडणीत घालत नाहीत हो. इथे सकाळी बेकरीपुढे रांग लागते ती मनाकिशसाठी. जाडसर रोटी लाटायची, ऑलिव्ह तेलात कालवलेलं झातार बोटांनी तिच्यावर पसरायचं आणि भट्टीत सरकवायचं. आच लागते, पण तेलाच्या पांघरुणाखालून आणि तीन-चार मिनिटंच.

झातार हे मुळात एका झुडपाचं नाव. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनच्या डोंगरांत उगवतं, चुरडलं की ओव्याची आठवण येते. त्याचा सुका पाला, भाजलेले तीळ, मीठ आणि सुमाक नावाच्या आंबट लाल फळाची भरड, संपला मसाला. १९७७ साली इस्रायलने ते संरक्षित वनस्पतींच्या यादीत घालून रानातून खुडायला बंदी केली. माझ्या ऑफिसातल्या एका पॅलेस्टिनी सहकाऱ्याची आजी तेव्हापासून रागावलेली आहे म्हणे. ज्या डोंगरावर ती पदरात भरभरून खुडायची तिथेच तो गुन्हा झाला.

तुम्ही त्याला आपली तिळाची चटणी समजा. ती आपण कधी फोडणीत घालतो का? भाकरीवर घ्या, वर कच्चं तेल सोडा. नाहीतर चक्क्यावर भुरभुरा. काचऱ्यांवर घालायचंच असेल तर गॅस बंद केल्यावर.

पाटावरवंटा | सोमवार, ११:३१

तिळाची चटणी! अहो, हे बाटलीवर लिहायला काय झालं होतं? आज संध्याकाळी भाकरीवर.

सडेतोड_सदू | सोमवार, १२:१०

गोडा, काळा, मालवणी, कांदा-लसूण, खानदेशी, वऱ्हाडी. एवढं घरात असताना ६० ग्रॅमला ३५० रुपये? किलोचा भाव काढला का कोणी? ५८०० च्या वर जातो. आणि "मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनी आणली" हे कोणी लिहायच्या आत मीच लिहून टाकतो. आणली. आपण ती चारशे वर्षं ठेचून ठेचून आपली केली. या बाटल्यांनाही चारशे वर्षं द्या, मग मी खाईन.

फोडणीपुराण | सोमवार, १२:१४

सदूशेठ, तोवर आयडी राहील, तुम्ही नाही. (हलकेच घ्या.)

सिल्व्हरस्प्रिंगची_सई | सोमवार, १९:०५

बरबरेबद्दल मी लिहिते. मी वॉशिंग्टनच्या शेजारी सिल्व्हर स्प्रिंगला राहते, इथे इथियोपियन वस्ती मोठी आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या लहानशा दुकानात बरबरे पिशवीत भरून सुटं मिळतं, दुकानदारीण बाईची बहीण आदिस अबाबाहून पाठवते. पहिल्यांदा घेतलं ते मी लाल तिखट समजून काकडीच्या कोशिंबिरीवर घातलं. पुढच्या खेपेला तिला सांगितलं तर गल्ल्याला धरून हसत सुटली. म्हणाली, कच्चं बरबरे खाणं म्हणजे कच्ची कणीक खाणं.

मग तिनेच शिकवलं. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचे, तेल न घालता. हो, कोरड्या पातेल्यात. मलाही पटलं नव्हतं. मंद आचेवर पंधरा मिनिटं ढवळत राहायचं, लागतोय वाटलं की चमचाभर पाणी. कांद्याचा पार लगदा झाला की मग तेल, चांगलं पाव वाटी. आलं-लसूण. मग दोन मोठे चमचे बरबरे, आणि पुन्हा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, मधून मधून पाण्याचा हबका. आधी नुसता तिखटाचा ठसका येतो, मग मेथी खमंग लागायला लागते, मग कडेने तेल सुटतं आणि रंग विटकरीसारखा गडद होतो. तिथे थांबायचं. धुतलेली मसूर डाळ एक वाटी, गरम पाणी तीन वाट्या. डाळ मोडली की मीठ. याला मिसिर वोत म्हणतात.

बरबरेत असतं काय? मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा, कलौंजी आणि कोरारिमा नावाची तिकडची वेलची. ओवा आणि मेथी वाचून मला एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. ते लोक इंजेराबरोबर खातात. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून एकाच बाजूने भाजलेली जाळीदार पोळी, आपल्या आंबोळीची लांबची बहीण. मी सरळ आंबोळीच करते.

अवांतर: इथियोपियन ऑर्थोडॉक्स लोकांचा बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी बंद, डाळी चालू. मी तिला साबुदाण्याची खिचडी तुपासकट दिली आणि उपासाचा पदार्थ आहे म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. मसूर खाऊन उपास, यावर माझा बसला नव्हता.

टिकलीभर | सोमवार, १९:२०

सई, कोरडा कांदा १५ मिनिटं? माझ्या नॉनस्टिकचं श्राद्ध होईल.

सिल्व्हरस्प्रिंगची_सई | सोमवार, १९:२६

बिडाचं किंवा जाड स्टीलचं घ्या. कांद्याला स्वतःचं पाणी सुटतं, थोडा भरवसा ठेवा.

फोडणीपुराण | सोमवार, २१:४०

पाव, दोन प्रतिसादांत तुमचं निम्मं उत्तर आलंय. आपल्याकडे कुटलेल्या वस्तूंच्या दोन जाती आहेत, कोरड्या चटण्या आणि मसाले. चटणी तयार असते, पानात वाढायची. मसाला तयार नसतो, त्याला तेल आणि वेळ लागतो. कारळाची चटणी कोणी रश्शात परतत नाही आणि मालवणी मसाला कोणी इडलीला लावत नाही.

बाटली कुठल्याही देशाची असो, आधी चिमूटभर जिभेवर ठेवा. तीळ-दाणे दाताखाली आले, भाजल्याची खमंग चव आली, तर ती चटणी. झातार, दुक्का, शिचिमी या चटण्या. जीभ कोरडी पडली, कडसर-पिठूळ लागलं, तर तो मसाला. बरबरे आणि रास एल हानूत हे मसाले. गोडा मसाला मधला, कारण तो आधीच तेलात भाजून कुटलेला असतो. म्हणून तर उकळत्या आमटीत वरून घातला तरी कच्चा लागत नाही.

पुस्तकातली_अळी | सोमवार, २१:५५

मग मेतकूट कुठे बसवणार?

फोडणीपुराण | सोमवार, २१:५८

मेतकुटाला कुठे बसवायची गरज नाही, ते मऊभातावर बसतं.

मेलबर्नची_मावशी | मंगळवार, ०५:३०

दुक्का इजिप्तचा, पण त्याला खरं घर मिळालंय ऑस्ट्रेलियात. इथे रविवारच्या शेतकरी बाजारात एक तरी दुक्कावाला असतोच. हेझलनट, तीळ, धने, जिरे, मीठ, मिरी हा मूळ ऐवज. इजिप्तमध्ये गरिबाच्या घरी हेझलनटच्या जागी भाजके हरभरे. इथले लोक त्यात मॅकाडेमिया आणि लेमन मर्टलचा पाला घालतात. दुक्का म्हणजे अरबीत "कुटलेलं", इतकं सरळ नाव. पावाचा तुकडा आधी ऑलिव्ह तेलात बुडवायचा, मग दुक्कात.

मी शेंगदाण्याचा करते. एक वाटी दाणे, अर्धी वाटी तीळ, चार चमचे धने, दोन चमचे जिरे, सगळं वेगवेगळं भाजून. खलबत्ता नसेल तर मिक्सर, पण बटण लावून फोनवर बोलत बसू नका. मी बसले होते. तेल सुटून त्याचं पीनट बटर झालं. जाडंभरडं राहायला हवं. तिखट नसलेली सोलापुरी शेंगदाणा चटणी म्हणा. नातू ऊन ऊन भात, तूप आणि दुक्का खातो. इजिप्तच्या कोणी हे वाचू नये.

सडेतोड_सदू | मंगळवार, ०९:१५

म्हणजे दाण्याची चटणी. तिखट काढून आणि भाव वाढवून. धन्यवाद, माझा मुद्दा मांडल्याबद्दल.

डंखवाली | मंगळवार, १४:५०

भावावर मीच बोलते, कारण मी विकते. नाव सांगत नाही, जाहिरात नको. कोल्हापूरकडे आमचं चार बायकांचं काम आहे. कांदा-लसूण मसाल्यावर सुरुवात केली, आता झातार, पेरी-पेरी आणि मोरोक्कन पद्धतीचा एक असे तीन करतो.

सुमाक बाहेरून येतं आणि आम्ही घेतो तेवढ्या थोड्या मालाला कोणी भाव कमी करून देत नाही. काचेची बाटली, झाकण, लेबल यांचेच तीसेक रुपये जातात. प्रदर्शनात स्टॉलचं भाडं, जाणं-येणं, चार दिवस घर बंद. कांडप गिरणीत आमच्या आधी कोणाची मिरची होऊन गेली असेल तर पहिला घाणा फुकट घालवावा लागतो, नाहीतर झातारला संकेश्वरीचा ठसका येतो. एकदा तसं झालं. तो सगळा माल आमच्या घरांतल्या चार स्वयंपाकघरांनी दोन महिने खाल्ला.

झातारचा खरा पाला आम्हाला मिळत नाही. आम्ही ओरेगानो आणि थोडा थाइम घालतो आणि लेबलवर तसं लिहितो. न लिहिणारेही आहेत. म्हणून घेताना एवढं बघा: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. पहिलंच नाव मीठ असेल तर तुम्ही ३५० रुपयांचं मीठ घेताय. मीठ दुसरं-तिसरं असेल तरी भाजीत आपलं मीठ घालायच्या आधी चाखा, निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. कुटल्याची तारीख बघा. तीळ-दाणे असलेलं काहीही तीन महिन्यांच्या पुढे खवट व्हायला लागतं, ते फ्रीजमध्ये ठेवा. आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर असावा, घरगुती असलं तरी.

सदूभाऊंचं एक मात्र खरं. रास एल हानूत या मोरोक्कन मसाल्यातलं बहुतेक सगळं तुमच्या घरात आहे: दालचिनी, जिरं, धने, सुंठ, हळद, वेलची, जायफळ, मिरी. वर गुलाबाच्या पाकळ्या. ते घरी करा, माझ्याकडून घेऊ नका. नावाचा अर्थच "दुकानातलं अव्वल", प्रत्येक दुकानदाराचं वेगळं, त्यामुळे तुमचं चुकलं म्हणणारं कोणी नाही. झातार मात्र विकत घ्या.

सडेतोड_सदू | मंगळवार, १५:०२

पहिल्यांदाच एखाद्या विक्रेत्याने मला "घेऊ नका" म्हटलंय. तुमचा कांदा-लसूण मसाला कुठे मिळेल? व्यक्तिगत निरोप करा.

टिकलीभर | मंगळवार, १५:०८

माझ्या रास एल हानूतच्या लेबलवर पहिलं नाव मीठ आहे. दुसरं साखर. ऑनलाइन घेतलं होतं, आठशे रुपये. जरा पडते.

वसईकर | मंगळवार, १७:३५

लहान उद्योग आणि जागतिक मसाले म्हणता आणि आमची बाटली विसरता? ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती लोकांचा बॉटल मसाला. वसई, उत्तन, गोराई, वांद्र्याच्या गावठाणांत एप्रिल-मेमध्ये बायका दारोदार जाऊन कुटून द्यायच्या. उन्हात मिरच्या, भाजायला मोठी कढई, लाकडी उखळ आणि दोन-तीन जणींनी आलटून पालटून मारलेली मुसळं. वीस-पंचवीस जिन्नस. कुठल्या घरात किती ते आजी मरताना सांगते, आणि थोडं चुकवून सांगते. मग बिअरच्या गडद बाटल्यांत दांडक्याने ठासून भरायचा, उजेड लागू नये म्हणून. त्यावरून नाव.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावर राहून "ईस्ट इंडियन" कसे, हे विचारू नका. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा आमच्या पूर्वजांनी हे नाव उचललं. राहिलं.

आता आमच्या आळीत दोन बायका ऑर्डर घेऊन करतात आणि कॅनडापर्यंत पाठवतात. तिकडे कोणाच्या तरी फळीवर ती "ग्लोबल स्पाइस ब्लेंड" म्हणून उभी असणार.

लंडनची_लता | मंगळवार, १८:२०

वसईकर, अगदी. मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला आईने पाठवलेला गोडा मसाला दिला. दगडफूल, नागकेशर, खोबरं हे समजावून सांगितलं, आमटीची कृतीही लिहून दिली. आठवड्याने म्हणाली, "फार छान, मी पॉपकॉर्नवर घालते." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्याने "देवा!" म्हणून डोक्याला हात लावला. रात्री करून बघितले. लोण्यात परतलेले पॉपकॉर्न, वर गोडा मसाला आणि पिठीसाखरेची चिमूट. अर्धा डबा गोडा मसाला पंधरवड्यात संपला. आईला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ती हा धागा वाचते.

म्हणून झातार जाळणाऱ्यांना मी हसत नाही.

नाखवा | मंगळवार, १८:४४

ऑलस्पाइस म्हणजेच कबाबचिनी ना? जमैकन जर्क (मसाला चोळून भाजलेलं चिकन) करायचं आहे, मसालेवाला तेच म्हणून देतोय.

फोडणीपुराण | मंगळवार, १९:०१

बाजारात दोन्ही त्याच नावाने विकतात, गोंधळ जुना आहे. खरी कबाबचिनी म्हणजे कंकोळ, मिरीच्या कुळातली, दाण्याला शेपटी असते. ऑलस्पाइस जमैकाकडचं, जांभूळ-लवंगेच्या कुळातलं झाड. गोल, शेपटी नाही, चावलं की लवंग-दालचिनी-जायफळ एकदम. शेपटी बघून घ्या.

योकोहामाची_पाहुणी | बुधवार, ०८:१०

शिचिमीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून आले. "शिचि" म्हणजे सात. सुकी लाल मिरची, संत्र्याची साल, काळे-पांढरे तीळ, खसखस, भांगेचं बी, समुद्री शेवाळ किंवा आलं, आणि सान्शो. टोकियोत १६२५ पासून चालत आलेलं यागेनबोरी नावाचं दुकान आहे. तिथे आसाकुसातल्या गल्लीत बाई समोर सात वाडगे घेऊन बसते, आपण तिखट जास्त की कमी ते सांगायचं, ती चमच्याचमच्याने मिसळून देते. मला थेट लालबागच्या मसाला गल्लीत उभं राहिल्यासारखं झालं, फक्त शिंका नाहीत.

पण खरी गंमत सान्शोची. पहिल्यांदा उदोन नावाच्या जाड शेवयांच्या गरम सूपवर शिचिमी घातलं, दोन घास खाल्ले आणि जिभेला मुंग्या. हा वास कुठला? रात्री झोपताना आठवलं. तिरफळ! आजीची बांगड्याची उडदमेथी! शोधलं तर खरंच, सान्शो, चिनी सिच्वान मिरी आणि आपलं तिरफळ एकाच वंशातले. तिघांतही काळं बी फेकून वरचं टरफल वापरायचं. आजी निवडताना एक बी राहिलं तरी ओरडायची.

आता मी शिचिमी थालीपिठावर लोण्याबरोबर घेते, आणि सुट्टीला आले की मालवणहून तिरफळं घेऊन जाते. शेजारच्या जपानी आजींना ती सान्शोपेक्षा "रानटी" वाटतात. त्यांनी डबा परत केला नाही, म्हणजे आवडली असावीत.

अबूधाबीकर | बुधवार, ०८:३५

महत्त्वाचं: शिचिमीची बाटली घेऊन दुबई-अबूधाबीला कोणी येऊ नका. यूएईत खसखशीवर बंदी आहे, आणि शिचिमीत वर भांगेचं बी. अनारसे आणतानाही हेच. विमानतळावर "ओ सर, दिवाळीचा फराळ आहे" हे चालत नाही.

टिकलीभर | बुधवार, ०८:४१

अनारश्यांवरून तुरुंगात. काय बातमी होईल.

एडिसनचा_बंड्या | बुधवार, २०:१५

पाव, तुमची लेक माझ्याच राज्यात, म्हणून इकडचं थोडं. हे लहान उद्योग गेल्या दहा वर्षांतले. मुंबईत वाढलेल्या सना जवेरी कद्री यांनी २०१७ साली डायस्पोरा को. सुरू केली ती फक्त हळद घेऊन, तीही आंध्रातल्या एका शेतकऱ्याची. न्यूयॉर्कच्या बरलॅप अँड बॅरलने फ्लॉइड कार्डोझ यांच्याबरोबर मसाले करायला घेतले होते. कार्डोझ मुंबईचे, मूळ गोव्याचे, इथले नावाजलेले शेफ. मार्च २०२० मध्ये ते कोविडने गेले, पुढे त्यांच्या पत्नीने ते काम तडीस नेलं. त्यात एक गोवन मसाला आहे. अमेरिकेत बसून न्यूयॉर्कचा गोवन मसाला घालून मी सुंगटांचं हुमण (कोळंबीचं कालवण) करतो. आई फोनवर म्हणते, "तिरफळं घातलीस का?" नाही आई.

मला यात आवडतं ते हे की बाटलीवर कुठल्या गावची मिरची, कुठल्या वर्षाची, ते लिहिलेलं असतं. आमच्या वाण्याच्या पुडीवर मागच्या वर्षीचं पंचांग असायचं.

नाखवा | बुधवार, २०:३०

गोव्याचंच म्हणाल तर चिकनचं काफ्रियाल आफ्रिकेतून आलंय, मोझांबिककडून, पोर्तुगीजांच्या जहाजांतून. हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरी, लिंबू. आमच्याकडे ते "गावचं" म्हणून मिरवतात. असो. शेपटी बघितली. मसालेवाल्याने कंकोळच दिलं होतं.

पुस्तकातली_अळी | गुरुवार, ११:००

धागा जमैका, जपान, वसई फिरून आला. मूळ प्रश्न होता रोजच्या डब्याचा. मी तीन वर्षं असल्या बाटल्या आणतेय, एक सवय कामाला आली. एका वेळी एकच बाटली उघडी ठेवते, आणि मसाल्याचा मूळ पदार्थ आधी दोनदा जसाच्या तसा करते. चव डोक्यात बसली की मगच घरच्या भाजीत. आधीच "फ्यूजन" करायला गेलं की चूक आपली की मसाल्याची तेच कळत नाही. हरिसा असाच शिकले. ट्युनिशियाचा, ओला असतो, ठेच्याचा चुलतभाऊ, २०२२ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आता आठवड्यातून एकदा भरल्या वांग्यांत जातो. पाच बाटल्या एकदम उघडल्या तर पाचही टिकलीभरच्या रांगोळीत जातील.

टिकलीभर | गुरुवार, ११:०४

मला मध्ये का ओढता? फेकलं काल. बाटली छान आहे, हिंग भरला.

पाटावरवंटा | रविवार, १३:२०

सगळ्यांना एकत्र उत्तर. झातार भाकरीवर उत्तम, साबांनी "ही कसली गं आंबूस तिळाची चटणी" म्हणत तीनदा घेतली. दुक्का नवऱ्याने सिनेमा बघताना नुसताच संपवला. मोरोक्कनच्या लेबलवर पहिलं नाव धने निघालं, मीठ सातवं, म्हणजे माणसं प्रामाणिक. गाजर-छोल्यांत घालून बघणार आहे.

आणि काल सईच्या कृतीने मिसिर वोत. कोरड्या पातेल्यात कांदा घातल्यावर साबा शेजारी येऊन उभ्याच राहिल्या. "तेल संपलंय का? आणायला सांगू का?" पंधरा मिनिटं मी ढवळतेय, त्या बघताहेत. बरबरे तेलात पडल्यावर मात्र गप्प झाल्या. आंबोळ्या घातल्या होत्या. पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मसूराची आमटी बरी झालीय. गूळ विसरलीस."

सिल्व्हरस्प्रिंगची_सई | रविवार, १६:४५

गूळ! दुकानदारीण बाईला सांगू की नको?

पाटावरवंटा | रविवार, १७:१०

सांगा. कारण आज सकाळी बरबरेची बाटली जागेवर नव्हती. मिसळणाचा डबा उघडला तर हळदीशेजारच्या वाटीत लाल पूड. विचारलं, "आई, इथली जिरेपूड कुठे गेली?" म्हणाल्या, "काढून ठेवली. रोज कुठे लागते?"